१,४०० अक्षरांत ऑस्वेगो : तक्ते छापून आले

चौदाही पदार्थांचे तक्ते एकदाचे छापून आले! सिमएच या जुन्या संगणकांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या आयबीएम १४०१ वर ऑस्वेगोच्या अन्नविषबाधेचा सर्व्हे चालवायचं काम इथवर पोचलंय. अट पहिल्यापासून एकच आहे: १९५९ साली जाहीर झालेल्या या मशीनच्या सर्वांत लहान मॉडेलला होती तेवढीच, म्हणजे १,४०० अक्षरांची मेमरी वापरायची.

नव्यांसाठी थोडक्यात. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो काउंटीत १८ एप्रिल १९४० च्या रात्री चर्चमधल्या जेवणानंतर लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. जेवायला आलेल्या ८० पैकी ७५ जणांच्या मुलाखती झाल्या, त्यांतले ४६ आजारी. साथरोगशास्त्राच्या वर्गात ही यादी आजही सोडवायला देतात. मी माणशी एक पंचकार्ड केलं आहे.

मेमरी १,४०० असली तरी सगळी आपल्या हातात नसते. १ ते ८० कार्ड वाचायला, १०१ ते १८० पंचिंगला, २०१ ते ३३२ प्रिंटरला. पंचिंग करायचंच नाही, म्हणून ती जागा स्थिरांकांना दिली. काउंटर लागतात ५६ (प्रत्येक पदार्थाला चार: खाल्लेले आणि न खाल्लेले, दोन्हींत आजारी आणि धडधाकट), दोन-दोन अंकी, म्हणजे ११२ जागा. ते मुद्दाम १००० च्या खाली ठेवले, कारण तिथपर्यंतचा पत्ता म्हणजे निव्वळ तीन अंक. पुढे त्यात झोन-बिट्स (अंकाचं अक्षर किंवा चिन्ह करणारे जादा बिट) शिरतात. अंकच असले की साध्या बेरजेने लूपमधली सूचना पुढच्या कॉलमकडे वळवता येते. मात्र दर वेळी पत्त्याच्या पहिल्या अंकावर वर्डमार्क (आकडा किंवा सूचना कुठे सुरू होते ते दाखवणारी खूण) लावायचा, बेरीज करायची आणि लगेच वर्डमार्क काढायचा. तो तसाच राहिला तर मशीन सूचना अर्धवटच वाचतं.

गुणाकार-भागाकार या मशीनवर वेगळे पैसे मोजून मिळायचे, म्हणून तेही वापरलेले नाहीत. व्हॅनिला आइसक्रीम खाल्लेले ५४, त्यांतले आजारी ४३. ४३००० मधून ५४ वजा करत बसलं तर ७९६ वजाबाक्या होतात. एकेक घर सरकवत केलं तर ७, ९ आणि ६, अशा बावीसच. उत्तर ७९.६ टक्के. न खाल्लेल्या २१ जणांत आजारी फक्त ३, म्हणजे १४.३ टक्के. ही ओळ छापून आली तेव्हा फार आनंद झाला.

आता चॉकलेट आइसक्रीम. तिथे चार खान्यांची बेरीज ७५ नाही, ७४ येते, आणि ती तशीच यायला हवी. एका माणसाचं उत्तर मूळ यादीतच नाही. माझ्या कार्डावर १ म्हणजे खाल्लं, २ म्हणजे नाही, कोरं म्हणजे माहिती नाही. ‘१ नसेल तर नाही’ एवढंच तपासलं असतं तर एक सूचना, म्हणजे ८ अक्षरांची बचत झाली असती. पण हा माणूस आजारी पडलेला होता. तो गुपचूप ‘नाही’त गेला असता आणि २७ पैकी २० चे २८ पैकी २१ झाले असते. ७४.१ चे ७५ टक्के, फरक छोटाच. तरी सर्व्हेत कोऱ्या जागेला स्वतःचा अर्थ असतो आणि त्यासाठी ८ अक्षरं मी आनंदाने देईन. चॉकलेट खाल्लेल्यांत आजाराचं प्रमाण ५३.२ टक्के, न खाल्लेल्यांपेक्षा कमी. म्हणजे चॉकलेटने वाचवलं असं नव्हे. चॉकलेट घेतलेल्या काहींनी व्हॅनिला घेतलंच नव्हतं, हे दोन्ही कॉलम एकत्र मोजले की दिसतं. तो जोडतक्ता अजून बसवायचा आहे.

पुढचं काम जेवणापासून त्रास सुरू होईपर्यंतच्या वेळेचं. दोन्ही वेळा फक्त २२ जणांच्या नोंदल्या आहेत. वजाबाकी दशमान आणि घड्याळ साठाचं, त्यात कित्येकांना त्रास मध्यरात्रीनंतर सुरू झालेला. तास-मिनिटांची सगळी मिनिटं करून घ्यावीत, की तारीख बदलली की २४०० मिळवून मिनिटांची उसनवारी वेगळी हाताळावी? दुसरी वाट कमी अक्षरांत बसेल असं वाटतंय. कुणी एसपीएसमध्ये (१४०१ च्या असेम्ब्ली भाषेत) असं काही लिहिलं असेल तर नक्की कळवा.