किरमिजी निशाण ओळखायचं कसं: लंडनच्या बर्डकेज वॉकवरची एक सकाळ

सेंट जेम्सेस पार्क ट्यूब स्टेशनातून पाच-सात मिनिटं चाललं की बर्डकेज वॉकवर वेलिंग्टन बराक्स लागते. गार्ड बदलीचा दिवस बघून साडेदहाच्या आत पोचावं. नव्या गार्डची पाहणी मैदानातच होते आणि कुंपणाबाहेरून फुकटात दिसते. बॅरिकेडपाशी बकिंगहॅम पॅलेसपुढच्या गर्दीत टाचा उंचावण्यापेक्षा मला हे कधीही बरं वाटतं.

पायदळ गार्ड्सची, म्हणजे राजाच्या रक्षणाच्या पायदळ पलटणींची, पाळी असेल तर आधी निशाण बघा, म्हणजे पलटणीचा मानाचा रेशमी झेंडा. किरमिजी असेल तर राजा राजवाड्यात मुक्कामाला आहे. युनियन जॅकच्या नक्षीचं असेल तर नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. ब्रिटिशांच्या साध्या पायदळात राजाचं निशाण म्हणजे युनियन जॅक आणि पलटणीचं निशाण गणवेशाच्या कॉलर-बाह्यांवरच्या रंगाचं. गार्ड्समध्ये नेमकं उलटं: राजाचं किरमिजी, पलटणीचं युनियन जॅक. नेपोलियनच्या काळातही हा उलटा नियम होताच.

मग शेजारच्या गार्ड्स म्युझियममध्ये शिरा. उजेड मंद असतो, कारण प्रकाशाने रेशीम मरतं. फ्लॅश नको, आणि काचेसमोर सरळ उभं राहिलात तर फोटोत स्वतःचाच चेहरा येईल. थोडं तिरकं उभं राहावं. डोळे सरावले की कापडावर धुकं धरल्यासारखं वाटतं. ती बारीक जाळी. फाटकं रेशीम दोन जाळ्यांमध्ये धरून शिवून घेतात. आपल्याकडे जुनी पैठणी घडीवर विरते ना, तसंच हे. त्यात रंगवलेलं चिन्ह आधी तडकतं, कारण रंगाचा थर ताठ आणि कापड लवचीक.

कोणतंही जुनं निशाण वॉटर्लूचं, म्हणजे नेपोलियन हरला त्या 1815 च्या लढाईचं, म्हणून दाखवलं जातं, तेव्हा चार गोष्टी बघाव्यात. पहिली, कडेला सोनेरी झालर आणि काठीच्या टोकाला सिंह-मुकुट असेल तर ते 1850 नंतरचं; नेपोलियनच्या काळात झालर नव्हती आणि टोकाला भाल्याचं पातं असे. दुसरी, आकार. तेव्हाचं कापड 6 फूट 6 इंच लांब, 6 फूट उंच आणि काठी 9 फूट 10 इंच! आजचं जेमतेम 3 फूट 9 इंच बाय 3 फूट. एवढं रेशीम वाऱ्यात धरणारा अधिकारी हुद्द्याने सगळ्यांत कनिष्ठ, म्हणजे एन्साइन, बऱ्याचदा मिसरूडही न फुटलेला. धुरात सैनिकांना दिसावं म्हणून मोठं, आणि म्हणूनच शत्रूच्या गोळीलाही सोपं. 1813 मध्ये निघालेल्या कलर सार्जंट या हुद्द्याकडे निशाणाचं रक्षण असे.

तिसरी गोष्ट तांबडी तिरकी फुली. आयर्लंडच्या सेंट पॅट्रिकची ही फुली 1 जानेवारी 1801 पासून युनियन जॅकमध्ये आली. युनियन जॅकच्या नक्षीत ती नसेल तर निशाण त्याआधीचं. चौथी, कापडावर ‘वॉटर्लू’ हा शब्द; गाजवलेल्या लढाईचं नाव मान म्हणून निशाणावर घालतात. 18 जून 1815 ला रणात फडकलेल्या निशाणावर तो त्या दिवशी असणंच शक्य नाही. दिसलाच तर निशाण नंतरचं, किंवा शब्द नंतर घातलेला. ‘लिन्सेल’ मात्र चालतो: 1793 च्या त्या लढाईचा मान तेव्हाच्या तिन्ही गार्ड्स पलटणींना 1811 मध्ये मिळाला. ‘ग्रेनेडियर गार्ड्स’ हे नावही युद्धानंतरचं, जुलै 1815 चं. त्याआधी ते नुसते पहिले फूट गार्ड्स.

मराठी माणसाच्या मनात इथे असई येतेच. जालना जिल्ह्यातल्या, मराठ्यांविरुद्धच्या 1803 च्या त्या लढाईबद्दल ईस्ट इंडिया कंपनीने 74व्या आणि 78व्या पलटणीला नेहमीच्या दोन निशाणांखेरीज तिसरं मानाचं निशाण दिलं, वर हत्तीचं चिन्ह. सेनापती वेलस्लीच, म्हणजे वॉटर्लू जिंकणारा पुढचा वेलिंग्टन. गार्ड्स तिथे नव्हते.

शेवटी आवारातलं गार्ड्स चॅपल. 18 जून 1944 ला, रविवारची प्रार्थना चालू असताना, उडत्या बॉम्बने ते पाडलं. 121 जण गेले. नवं 1963 चं, पण वेदीकडचा जुना अर्धगोल भाग वाचला, तो तसाच ठेवलाय. आत वर जुनी निशाणं टांगलेली आहेत. हे रेशीम स्वतःच्याच वजनाने उभं चिरत जातं. मान वर करून बघायला मागचा बाक बरा. पुढच्या बाकावरून नुसत्या काठ्या दिसतात.