चुनखडीतला दुसरा सीझन : पाणी कुठे जातं?

मागच्या वर्षीच्या ट्रेकच्या नोंदींमध्ये मी फक्त किती चढलो, किती वेळ लागला आणि गुडघे किती दुखले एवढंच लिहीत होतो. या वर्षी वहीत एक रकाना वाढवला : पाणी. किती नेलं, कुठे भरलं, कुठे संपलं. म्युनिकला राहायला आल्यावर दक्षिणेकडे दिसणारे आल्प्सचे डोंगर म्हणजे आपलेच सह्याद्री, जरा उंच आणि पांढरे, असा माझा समज होता. तो या रकान्याने मोडला.

मे महिन्याची अखेर, हाइमगार्टन ते हेर्त्सोगश्टांड. वाल्खनझे तलावाच्या काठापासून चढ, १७९० मीटरवर हाइमगार्टन, मग धारेवरून १७३१ मीटरच्या हेर्त्सोगश्टांडवर. ही धार सुरेख आहे, एका बाजूला तलाव आणि दुसऱ्या बाजूला सपाट मैदान. उंचीची भीती असणाऱ्यांना दोन-तीन जागा नकोशा वाटतील, बाकी सोपं. चढाचा वेग तासाला ३३० मीटर, पाणी दोन लिटर, पुरलं. इथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, तास असतात, आणि वेळ काढायचा ढोबळ नियम म्हणजे तासाला ३०० मीटर चढ, ५०० मीटर उतार, ४ किलोमीटर सपाट. चढ-उताराचा वेळ आणि अंतराचा वेळ यातला मोठा आकडा घ्यायचा, त्यात लहानाचा निम्मा मिळवायचा. माझ्या चालीला हा हिशेब बरोबर बसतो. आपल्याकडचं गावकऱ्यांचं ‘हे काय, अर्ध्या तासावर’ इथे ऐकू येत नाही, याची अजून चुटपुट लागते.

खरा धडा जुलैत मिळाला. कारवेंडल डोंगररांगेतलं सर्वांत उंच शिखर बिर्ककारश्पित्झे, २७४९ मीटर. आदल्या दिवशी शार्निट्झहून गाडीरस्त्याने चालत कारवेंडलहाउस या डोंगरातल्या निवाऱ्यात (इथे त्याला हट म्हणतात) मुक्काम. हा रस्ता लांबलचक आणि कंटाळवाणा. बहुतेक लोक तो सायकलने उरकतात, आणि तेच शहाणपणाचं. दरीतून खळाळतं पाणी वाहत होतं, म्हणून सकाळी निघताना दीड लिटरच घेतलं. वर नाळेत बर्फ वितळत असेल, झरा लागेलच, असा साधा सह्याद्रीछाप हिशेब. माझा ट्रेकमित्र साताऱ्याकडचा. तो म्हणालासुद्धा, “अरे, नकाशावर वर एकही निळी रेघ नाही.” मी म्हटलं, नकाशा जुना असेल.

श्लाउखकार नावाच्या त्या द्रोणासारख्या खोऱ्यात शिरलो आणि आवाजच बंद झाला. ओढा नाही, झुळझुळ नाही. वर बर्फाचा मोठा मळकट पट्टा दिसत होता, उन्हात चकाकत होता, म्हणजे वितळत नक्कीच होता. त्याच्या खालच्या टोकाशी गेलो, तर ओल हातभर लांब आणि पुढे कोरडे ठणठणीत धोंडे. पाणी थेंबाथेंबाने गळून दगडांच्या फटीत नाहीसं होत होतं. झाकणात धरून पाच मिनिटांत दोन घोट जमले, तेही वाळूसकट. त्यावर पांढऱ्या घसाऱ्याचा चढ. दोन पावलं वर, एक खाली, आणि खालून-वरून दोन्हीकडून ऊन. चुनखडीचा घसारा भट्टीसारखा तापतो. खिंडीच्या खाली दीडशे मीटरवर पाणी संपलं. शिखर समोर होतं, तारेचे दोर लावलेला शेवटचा टप्पा दिसत होता. परत फिरलो. मित्र एक शब्द बोलला नाही, आणि ते जास्त लागलं.

त्या रात्री कारण समजून घेतलं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. कातळ घट्ट, म्हणून हरिश्चंद्रगडासारख्या उंच गडावरही कोरीव टाक्यांत पाणी टिकतं. आपल्या पूर्वजांनी टाकी खोदली ती बरोबर दगड बघून. इथला वेटरश्टाइन चुनखडक म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ट्रायासिक काळातल्या उथळ, उबदार समुद्रातल्या शैवाल-प्रवाळांचा थर. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि हा दगड विरघळवत भेगा रुंदावतं. लाखो वर्षांत डोंगर आतून पोखरला गेला. त्सुगश्पित्झे या इथल्या उंच शिखरावर वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, तरी माथ्याजवळ वाहता ओढा नाही. पाऊस कमी नाही, डोंगर गळका आहे.

ते पाणी बाहेर कुठे येतं हे बघायचंच, म्हणून ऑगस्टअखेरीस राइनटाल दरीमार्गे त्सुगश्पित्झे. जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर, २९६२ मीटर. १८२० साली पहिली नोंदलेली चढाई करणारा लेफ्टनंट योझेफ नाउस वर पोचला तो याच बाजूने. वाट अवघड नाही, लांब आहे. गार्मिश-पार्टेनकिर्शनच्या स्की स्टेडियमपासून माथ्यापर्यंत २१ किलोमीटर आणि सव्वादोन हजार मीटर चढ. आम्ही दोन दिवस केले. पहिली पार्टनाख घळ, सुमारे ७०० मीटर लांब, तिकीट काढून जायची. कातळात कोरलेल्या बोगद्यांतून वाट, खाली नदीचा नुसता गडगडाट, अंगावर तुषार. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मग दिवसभर दरीतून तीच नदी सोबतीला. मुक्काम राइनटालांगर हटला, १३६९ मीटर.

सकाळी हटपासून जेमतेम अर्ध्या तासात, १४४० मीटरच्या आसपास, नदी सुरू होते. सुरू होते म्हणजे अक्षरशः. वर कोरडा दगडगोट्यांचा उतार, आणि कड्याच्या पायथ्याशी धोंड्यांच्या मधून भरलेली नदी बाहेर पडते. आधी झरा, मग ओहोळ, मग नदी असा काही क्रमच नाही. मी गुडघ्यावर बसून हात घातला. विसापर्यंत मोजले आणि बोटं बधिर झाली. पाणी इतकं स्वच्छ की खोली कळत नव्हती. तळाचा दगड उचलायला गेलो, तर बाही कोपरापर्यंत भिजली. नकाशावरही निळी रेघ इथूनच एकदम उगवते. वरच्या त्सुगश्पित्झप्लाट पठाराचं जवळपास ११ चौरस किलोमीटरचं पाणी आतल्या आत उतरतं, खालच्या न झिरपणाऱ्या थरावर अडतं आणि इथे निघतं. वर रंग टाकून तो खाली निघतो का, हे संशोधकांनी तपासलंय. इथे भरणाऱ्यांसाठी सांगतो : भेगांतून धावत आलेलं पाणी मातीतून गाळलेलं नसतं, आणि वर उन्हाळ्यात मेंढ्या चरतात. दिसायला अमृत असलं तरी फिल्टर लावा. दोघांनी तीन-तीन लिटर भरलं. सॅक साडेदहा किलो.

क्नोर हट (२०५१ मीटर) इथे सूप प्यायलो आणि पठारावर निघालो. इथे धुकं आलं. प्लाटवर धुक्यात फिरणं हा वेगळाच प्रकार आहे. सगळीकडे सारखेच राखाडी लाटांसारखे उंचवटे, मधे खड्डे, काहींच्या तळाशी भर ऑगस्टमध्ये जुना बर्फ. कातळावर पाण्याने कोरलेल्या खाचा, त्यांच्या कडा विळीसारख्या. तोल जाऊन तळहात टेकला तर रबरी हातमोज्याला चीर गेली. पाऊलवाट अशी दिसतच नाही, रंगाचे ठिपके आणि दगडांच्या राशी शोधत जायचं. एक ठिपका सापडल्याशिवाय मागचा सोडायचा नाही, असा आम्ही नियम केला आणि दीड तास पाळला. शेवटच्या चारशे मीटरमध्ये आधी घसारा, मग तारेचे दोर. श्लाउखकारच्या तुलनेत घसारा बरा होता, की माझी पावलं सुधारली होती, ठाऊक नाही. पूर्ण तळवा टेकायचा, टाचा घालायच्या नाहीत, लहान पावलं आणि मधे थांबायचं नाही, एवढं मी जुलैनंतर घोटलं होतं.

माथ्यावर केबल कारने आलेली जत्रा. स्लीपर घातलेली माणसं, बिअर, सेल्फी. सोनेरी क्रूसाकडे जायच्या शिडीला रांग. तिथे चक्क मराठी ऐकू आलं. टूरबरोबर आलेले एक काका. माझी घामेजलेली सॅक बघून म्हणाले, “अहो, तुम्ही चालत आलात? कशाला?” मला चटकन उत्तर सुचलं नाही. मग म्हणाले, “बरं, पाणी कुठे मिळेल हो? इथला बाटलीचा भाव ऐकून तहानच गेली.” मी माझी बाटली पुढे केली. ते पाणी याच माथ्याच्या आसपास पडलेलं, डोंगराच्या पोटातून हजारभर मीटर खाली जाऊन निघालेलं, आणि मी पाठीवरून परत वर आणलेलं. हे सांगितल्यावर काकांनी बाटलीकडे जरा संशयाने पाहिलं, पण प्यायले. “गार आहे,” म्हणाले.

दिवस दुसराची नोंद : १६०० मीटर चढ, थांबे धरून साडेसात तास, पाणी तीनपैकी अर्धा लिटर उरलं. उतरताना केबल कार, लाज नाही. डावा गुडघा ठीक.

बिर्ककारश्पित्झे सप्टेंबरमध्ये पुन्हा, चार लिटर घेऊन आणि पहाटे पाचला निघून. पण त्याआधी बूट. चुनखडी रबर कानशीसारखी खाते, दोन सीझनमध्ये पुढच्या भागाची नक्षी गुळगुळीत झालीय. नवा सोल लावायला दिलेत, तीन आठवडे लागतील म्हणाले.