मशेरीची डबी आणि खारघरची लॅब

परवा रविवारी बहिणीचा मुलगा जेवायला आला होता, नेरुळला इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. जेवण झाल्यावर फोनवर बोलत बाल्कनीत गेला आणि थोड्या वेळाने मला आंब्याचा वास आला. नोव्हेंबरात आंबा कुठला म्हणून बघायला गेले तर ह्याच्या हातात पेनड्राइव्हसारखं काहीतरी, आणि तोंडातून वाफ. "मावशी, सिगरेट नाहीये ही, धूर नसतो ह्यात, नुसती वाफ असते, फ्लेवर असतो." अगदी मनापासून सांगत होता. मी ओरडले नाही, कारण मला एकदम आमची आत्या आठवली. तीसुद्धा ह्याच सुरात म्हणायची, "अगं मी कुठे तंबाखू खाते, मी तर दात घासते."

आत्या रोह्याकडची. आठवड्यातून एकदा चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजायची, काळीकुट्ट होईपर्यंत, घरभर ठसका, आम्ही पोरं डोळे चोळत अंगणात पळायचो. मग ती हाताने कुस्करून बारीक करायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. हीच मशेरी. नाव दात घासण्याचं, पण सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी बायका ओट्यावर बसल्या की, रात्री झोपायच्या आधी, असं दिवसातून पाचसहा वेळा बोट हिरड्यांवर फिरायचं. आमच्याकडे कोकणात मशेरीला कुणी व्यसन म्हणतच नाही. बिडी ओढणारा बाप्या व्यसनी, मशेरी लावणारी बाई म्हणजे नुसती बाई. आत्याच्या खालच्या हिरडीवर पांढरा चट्टा आला, मग जखम झाली, आणि भाकरी चावता येईना तेव्हा तिने घरी सांगितलं. तोपर्यंत सहा महिने गेले होते.

तिला तोंडाचा कॅन्सर निघाला, त्या आजारपणातच मी पहिल्यांदा ह्या विषयावर वाचायला लागले, आणि मला सगळ्यात आश्चर्य कशाचं वाटलं असेल तर हे सगळं आधीच कुणीतरी मोजून ठेवलं होतं ह्याचं. टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 साली परळला सुरू झालं आणि 1944 मध्येच डॉ. वसंत खानोलकरांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार केसेसचा अभ्यास छापला, आपल्या लोकांना तोंडाचा कॅन्सर इतका का होतो आणि त्यात तंबाखू चघळण्याचा किती हात आहे हे धुंडाळत. सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा इंग्लंडमधला डॉल आणि हिल ह्यांचा गाजलेला पेपर 1950 चा. म्हणजे आपल्याकडे काम आधीपासून चालू होतं, आणि मला हे शाळेत कुणी शिकवलं नाही.

पुढे 1952 मध्ये परळलाच जी कॅन्सर रिसर्चची संस्था उभी राहिली तिथे डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क मशेरी लॅबमध्ये नेली. तंबाखू सुकवताना आणि मुरवताना त्यातल्या निकोटिन वगैरे द्रव्यांपासून नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात, त्यातले एनएनएन आणि एनएनके हे दोन माणसात कॅन्सर करतात हे आता जगाने मान्य केलंय. मशेरीत हे असतातच, वर भाजल्यामुळे धुरात असतो तो बेंझोपायरीनसारखा ऐवजही येतो. म्हणजे आत्या ज्याला दात घासणं म्हणत होती त्यात पानतंबाखूचं विष आणि धुराचं विष दोन्ही होतं. त्याच संस्थेत डॉ. रजनी भिसे ह्यांनी विड्या वळणाऱ्या बायकांची लघवी तपासली. तंबाखू नुसती हाताळून, तिची धूळ श्वासातून जाऊन सुद्धा ती शरीरात उतरते हे त्यातून दिसलं. आता मला सांगा, हे काम दुसरं कोण करणार होतं? अमेरिकेत मशेरी कोण भाजतं? 2016-17 च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के मोठे लोक तंबाखू घेतात असं आलं, आणि त्यात ओढणारे फक्त 3.8 टक्के. बाकी सगळा कारभार तोंडातला, चुन्याबरोबर मळलेला नाहीतर बोटाने लावलेला. तेव्हा आपली डबी उघडून आपल्यालाच बघावं लागणार होतं.

ती संस्था 2002 च्या सुमारास आमच्या खारघरला आली, सेक्टर 22, नाव अ‍ॅक्ट्रेक, टाटा मेमोरियलचाच भाग, म्हणून रिक्षावाल्याला नुसतं "टाटा" म्हटलं की तो सोडतो. मी रोज स्टेशनला जाताना बघते, हातात फायलींच्या पिशव्या घेऊन लांबलांबून आलेली माणसं रिक्षा शोधत असतात, म्हणून इथल्या लोकांना ते हॉस्पिटल म्हणून माहीत आहे. आत लॅब आहेत हे फार कमी जणांना माहितीये. 2017 चा शांतीस्वरूप भटनागर पुरस्कार, म्हणजे आपल्या देशात तरुण सायंटिस्टला मिळणारा सगळ्यात मानाचा, तो वैद्यकीय विभागात तेव्हा तिथे असलेल्या डॉ. अमित दत्त ह्यांना मिळाला. (दोघांत होता, दुसरे डॉ. दीपक गौर.) मी सोसायटीच्या ग्रुपवर कौतुकाने टाकलं तर दोन अंगठे आले आणि खाली पाण्याच्या टँकरची चर्चा सुरू झाली. मला खरंच वाईट वाटलं. आपल्या उंबऱ्यापासून दहा मिनिटांवर एवढं मोठं काम चाललंय, क्रिकेटमधला पोरगा रणजीत सिलेक्ट झाला असता तर आपण गेटवर फ्लेक्स लावला असता.

काम काय ते साधं सांगते. डॉ. दत्तांच्या लॅबने कॅन्सरच्या पेशींमधले जीन वाचले, फुप्फुसाच्या, पित्ताशयाच्या, आणि तंबाखू-सुपारी चघळणाऱ्यांच्या जिभेच्या कॅन्सरच्यासुद्धा. जिभेची गाठ लहान असतानाच मानेतल्या लसिका गाठीही (कॅन्सर पसरतो तो आधी ह्यांच्यात) काढाव्यात का, हा सर्जनपुढचा जुना प्रश्न. टाटाच्याच डॉ. अनिल डिक्रूझ ह्यांच्या टीमने 2015 मध्ये दाखवलं की तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असताना मान आधीच ऑपरेट केली तर तीन वर्षांनी 80 टक्के पेशंट जिवंत असतात, आणि मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलं तर 67.5 टक्के. म्हणून मान ऑपरेट करतात. पण बऱ्याच जणांच्या मानेत शेवटी काहीच सापडत नाही, त्यांच्यातल्या काहींचा खांदा मात्र पुढे दुखत राहतो. मग डॉ. दत्तांच्या लॅबने 2017 मध्येच छापलेल्या कामात एक जीन दाखवला, एमएमपी10, ज्याच्यावरून कुणाचा कॅन्सर मानेत उतरणार ह्याचा अंदाज घेता येईल का ते तपासता येतं. ज्याच्या घरी असा पेशंट झालाय त्यालाच ह्याची किंमत कळेल.

आणि हे जीन कुठून वाचले? माणसांच्या गाठींमधून. आत्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात एक मुलगी फॉर्म घेऊन आली होती, तिथे मीच होते आत्याजवळ. तिने नीट मराठीत समजावलं, की उद्या जी गाठ काढतील तिच्यातला छोटासा तुकडा रिसर्चसाठी ठेवला तर चालेल का, तुमची ट्रीटमेंट तीच राहणार, नाही म्हणालात तरी काही फरक नाही. मला वाटलं आत्या घाबरेल. आत्याने एवढंच विचारलं, "कुणाच्या कामाला येणार?" ती मुलगी म्हणाली, "तुमच्या नाही येणार मावशी, नंतरच्या कुणाच्या तरी येईल." आत्या म्हणाली घे. तिचा तुकडा पुढे कुठल्या कामात गेला, गेला की नाही, ते आम्हाला कधी कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. पण तेव्हापासून कुठल्याही लॅबला पुरस्कार मिळाला की माझ्या डोळ्यासमोर स्टेजवरचा माणूस येतो तसा तो वॉर्डही येतो. फलकावर एक नाव मावतं, मागे रात्री मशीनवर बसणारी पीएचडीची पोरं असतात आणि त्यांच्याही मागे अशा शेकडो आत्या.

आत्या त्यानंतर तीन वर्षं होती. पातळ भात आणि पेज खायची.

तर भाच्याला मी काय सांगितलं. मी त्याला म्हटलं, तुझ्या ह्या वाफेचंही कुणीतरी मोजतंय. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत अहमद बेसारातिनिया ह्यांची लॅब हेच करते. 2023 मध्ये त्यांनी 72 तरुण लोकांच्या गालाच्या आतल्या पेशी घेतल्या, काही नुसते वेप करणारे, म्हणजे अशी ई-सिगरेट ओढणारे, काही नुसते सिगरेटवाले, काही कशालाच हात न लावणारे. कशालाच हात न लावणाऱ्यांच्या तुलनेत सिगरेटवाल्यांच्या डीएनएचं नुकसान 2.2 पट, आणि वेपवाल्यांचं 2.6 पट. पॉड, म्हणजे तुझ्यासारखं छोटं पेनड्राइव्हएवढं यंत्र, वापरणाऱ्यांचं सगळ्यात जास्त, आणि फ्लेवरमध्ये गोड, मिंट, फळांचे पुढे. डीएनए बिघडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पेशी बरंच दुरुस्त करतात, कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं जातात, हेही त्याला सांगितलं, कारण पोरांना अर्धवट घाबरवलं की ती पुढचं ऐकत नाहीत. 2019 पासून आपल्याकडे ह्या वस्तूंच्या विक्रीवर कायद्याने बंदी आहे, तरी ह्याच्या खिशात ती आलीच. कुठून घेतलीस विचारलं तर गप्प बसला. 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तो त्याच्या फोनमध्ये मीच सेव्ह केला.

मग कपाटातून आत्याची डबी काढून त्याच्यापुढे ठेवली. झाकण घट्ट बसलंय, उघडायला जोर लावावा लागला, आत काही नाही पण वास अजून आहे. त्याने नाकाजवळ नेली आणि लगेच लांब केली.

"आत्याआजीने त्या फॉर्मवर सही केली?"

"लिहिता येत नव्हतं तिला. अंगठा दिला."

त्याने डबी बंद करून माझ्याकडे परत दिली. ते पेनड्राइव्हसारखं टेबलावरच पडलं होतं, निघताना ते उचललंन पण खिशात नाही घातलं, हातात धरूनच लिफ्टकडे गेला.