ऑक्टोबरात नको, फेब्रुवारीत या

जंगल वाचवा म्हणून हाक द्यायला शहरातल्या लोकांना ऑक्टोबर फार आवडतो. १ ते ७ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह असतो, पाऊस नुकताच सरलेला असतो, गवत कमरेएवढं, उतारावर अजून थोडी सोनकी पिवळी दिसते आणि फोटो चांगले येतात. माझी काही हरकत नाही. पण मी वनरक्षक, म्हणजे फॉरेस्ट गार्ड आहे, आणि त्या आठवड्यात माझ्या बीटमध्ये, म्हणजे मी राखते त्या जंगलाच्या तुकड्यात, काड्यांची अख्खी पेटी ओढली तरी काही पेटत नाही. तेच गवत फेब्रुवारीत वाळून कुरकुरीत होतं, आणि तेव्हा इकडे कोणी फिरकत नाही.

म्हणून पुण्यातल्या कॉलेजांच्या मुलामुलींच्या एका गटाचा फोन आला, ‘मॅडम, आम्हाला जनजागृतीची पदयात्रा काढायची आहे, परवानगी कुठून घ्यायची?’ तेव्हा मी परवानगीचं सांगितलं आणि वर एक अटही घातली. यायचं तर फेब्रुवारीच्या शेवटी या. पलीकडची मुलगी जरा गप्प झाली. मग म्हणाली, तेव्हा तर सगळं पिवळं असतं ना? म्हटलं, म्हणूनच.

माझं बीट आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ पासूनचं. मी राखते ते जंगल त्याच्या हद्दीबाहेरचं, राखीव वन. शेकरं दोन्हीकडे आहेत. मधूनमधून महादेव कोळ्यांच्या वाड्या, भाताची खाचरं, आणि जंगलाला लागून मालकीचे गवताळ उतार. हे मालकीचं प्रकरण बाहेरच्यांना माहीत नसतं. त्यांना खालपासून कड्यापर्यंत सगळं ‘फॉरेस्ट’च वाटतं. प्रत्यक्षात आमची हद्द कुठे तरी मध्येच, एखाद्या दगडी बुरुजापाशी, म्हणजे हद्दीची खूण म्हणून रचलेल्या दगडांपाशी, सुरू होते, आणि आगीला बुरूज वाचता येत नाही.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा घ्यायच्या असतात, म्हणजे हद्दीने गवताचा पट्टा कापून, तो आपणच काळजीपूर्वक जाळून टाकायचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या आगीला तिथे खायला काही मिळत नाही. मुलांना मी आधीच कळवलं होतं : अंगभर सुती कपडे घाला, ते चकचकीत ट्रॅकसूट नकोत, ठिणगी पडली की कातडीला चिकटतात. चामडी बूट असतील तर उत्तम. फ्लेक्स आणू नका. फ्लेक्स सोडून सगळं ऐकलं.

पंचवीस-तीस जण होते. भीमाशंकरकडून निघून वाड्यावाड्यांतून आहुप्याच्या कड्यापर्यंत जायचं, असा चार दिवसांचा बेत. त्यांची म्होरकी म्हणजे तीच फोनवरची मुलगी. काटक, आवाज खणखणीत. तिने मला १९८७ची पश्चिम घाट बचाओ यात्रा सांगितली. त्या नोव्हेंबरात एक तुकडी नवापूरहून दक्षिणेकडे आणि दुसरी कन्याकुमारीहून उत्तरेकडे निघाली आणि फेब्रुवारीत गोव्यात दोन्ही भेटल्या. तेव्हा माझाही जन्म झालेला नव्हता, तिचा तर प्रश्नच नाही, पण ती अशी सांगत होती की जणू काल पायातले बूट काढलेत. मला बरं वाटलं. आमचे वॉचर मामा मात्र एवढंच म्हणाले, ‘शंभर दिवस चालल्याती? मग खायाला कोन घालत व्हतं?’

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वाडीत देवळापुढे पथनाट्य झालं. वाडीचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. नाटकात एक मुलगा धोतर नेसून, डोक्याला मुंडासं बांधून, बिडी ओढत यायचा आणि खी खी हसत रानाला काडी लावायचा. मग बाकीचे शेकरू, गवा, झाड वगैरे होऊन तडफडायचे. शेवटी घोषणा : ‘वणवा लावणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे!’

माणसं बघत होती. कोणी हसलं नाही, कोणी उठूनही गेलं नाही. पाहुण्यांच्या पोरांना कोण बोलणार? फक्त ओट्यावर बसलेली एक आजी मोठ्याने म्हणाली, ‘आमच्या हिरड्याला आमीच काडी लावू व्हय गं?’

या पट्ट्यात हिरडा म्हणजे रोकड. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झोडायचा, वाळवायचा आणि विकायचा. भाताने पोट भरतं, पण दवाखाना आणि शाळेची फी हिरड्यावर निघते. ज्याची झाडं त्याच्याकडे वाडवडिलांपासून वाटून आलेली. मोहर धरायच्या दिवसांत खालून आगीची धग लागली की त्या वर्षीचं पीक गेलं. आजीचं म्हणणं एवढंच होतं. म्होरकीने ते वहीत लिहून घेतलं, पण नाटकातला धोतरवाला काय करायचा ते तिला तेव्हा सुचलं नसावं. पुढच्या वाडीला निघायची घाई होती.

दुपारी आम्ही डोंगराच्या वरच्या सोंडेवर एका खिंडीत जेवायला थांबलो. दीडच्या सुमाराला मामांनी मान वर करून वास घेतला. मला वास आला नाही, पण खालच्या उतारावर पांढरा धूर दिसला. पांढरा म्हणजे गवत. तो पिवळट-काळा झाला की समजायचं कारवीच्या झुडपांत शिरला. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग जागच्या जागी वाळून उभी राहते. त्या काटक्या पेटल्या की आवाज होतो, लवंगी फटाक्यांची माळ लागल्यासारखा. आणि कारवीच्या वर हिरडा, त्याच्यावर आमचं जंगल.

दुपारनंतर कोकणातला वारा कडा चढून वर येतो. आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले आणि पहिल्याच हंगामात पाहिलं. धूर खाली, आम्ही वर, मध्ये वाळलेलं गवत. त्यामुळे पहिलं काम मुलांना तिथून काढायचं. दोघा-तिघांनी मोबाइल काढले होते, ते खिशात घालायला लावले. सोंडेवरून सरळ खाली न उतरता आडवं जात जात, आगीची बाजू टाळून, सगळ्यांना भाताच्या खाचरांत उतरवलं. कापणी झालेल्या खाचरात जळायला काही नसतं. वणव्यात त्यासारखी सुरक्षित जागा नाही. चालता चालता वनपालांना फोन केला. ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने आग विझवायचं यंत्र, दुसऱ्या बीटमध्ये कामावर होता, यायला तासभर तरी लागणार होता.

मग मुलांची वाटणी केली. ज्यांना दम होता अशा सात-आठ जणांना जांभळाचे हिरवे डहाळे तोडून दिले आणि आगीच्या बाजूला लावलं, तेही जळून गेलेल्या भागात उभं राहून. आगीच्या तोंडाला, म्हणजे ती जिकडे पुढे सरकते तिकडे, कोणी जायचं नाही. डहाळा डोक्यावरून धुण्यासारखा आपटायचा नाही, ठिणग्या उडतात. दाबून, आगीकडे ओढायचा. बाकीच्यांनी विहिरीवरून पाणी आणायचं, ते आगीवर ओतायला नाही, माणसांना प्यायला. आणि मागे राहून धुमसणारे ओंडके, शेणाच्या गवऱ्या मातीने बुजवायच्या. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि विझलेली आग रात्री पुन्हा उठते ती याच्यातच हयगय झाल्यामुळे.

आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक म्हातारे बाबा एकटेच झोडपत होते. धोतराचा सोगा जळालेला, भुवया करपलेल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘म्याडम, माझाच राब हाय.’

राब म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. भाताचं किंवा नाचणीचं रोप टाकायच्या जागेवर कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण यांचे थर देऊन वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात ते भाजायचं. तण मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम, आणि स्वतःच्या जमिनीत. बाबांनी सकाळी, वारा पडलेला असताना राब पेटवला होता, चौफेर मातीही ओढली होती. वारा त्या दिवशी लवकर चढला.

मामा मात्र वर गेले. कारवीच्या खालून गुरांची एक आडवी वाट जाते. त्या वाटेवरून त्यांनी खालच्या बाजूचं गवत स्वतःच पेटवत नेलं, वीसेक पावलांवर गावातला एकेक माणूस डहाळा घेऊन पहाऱ्याला. खालून येणाऱ्या आगीसमोर अशी दुसरी आग सोडणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. जरा अंदाज चुकला तर दोन वणवे होतात. मोठी आग जवळ आली की ती हवा आपल्याकडे ओढते आणि लहान आगही तिच्याकडे झुकते. दोन्ही एकमेकींना भिडल्या, एकदम उंच ज्वाळ उठली, आणि मग खाली फक्त काळी जमीन. म्होरकी माझ्याशेजारी तोंडाला ओढणी बांधून उभी होती. तिने विचारलं, ‘संपलं?’ मी म्हटलं, तोंड संपलं, बाजू बाकी आहेत. पाच वाजेपर्यंत आम्ही बाजूच मारत होतो. सकाळी नाटकात धोतर नेसलेला मुलगा आणि खरे धोतरवाले बाबा शेजारीशेजारी डहाळे आपटत होते. पोराचा हात चुकला की बाबा त्याच्यावर खेकसत होते.

सगळं विझल्यावर माझ्या फोनवर उपग्रहाचा इशारा आला : अक्षांश, रेखांश, बीटचं नाव, आग असण्याची शक्यता. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची ही सोय चांगलीच आहे, दूरच्या कोपऱ्यातली आग त्यामुळेच कळते. मामांनी मेसेज वाचून घेतला आणि म्हणाले, ‘त्येला सांगा, झालं म्हणून.’

पण दिवस संपला नव्हता. गवत बरंचसं मालकीचं जळालं होतं, तरी अडीच हेक्टर आमच्या हद्दीतलं होतं. राखीव वनात आग गेली की भारतीय वन अधिनियम, १९२७चं कलम २६ लागतं. पीओआर फाडायचा, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, आणि पंचनामा. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक गावातले झाले. दुसरी सही मी म्होरकीला करायला सांगितली.

ती कागदाकडे बघत राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘मॅडम, बाबांचं नाव घालायलाच हवं का? अज्ञात इसम नाही का लिहिता येणार?’

येतं. मी फाडलेल्या वणव्याच्या बहुतेक पीओआरमध्ये तेच लिहिलंय, कारण काडी लावणारा सापडतच नाही. सकाळची घोषणा मला आठवत होती, पण तिला ती ऐकवायचा मोह मी आवरला. काजळीने तोंड काळं झालेल्या, हाताला फोड आलेल्या मुलीला टोमणा कशाला मारायचा? तिला एवढंच सांगितलं की ‘अज्ञात’ लिहिलं तर कागदावर हा वणवा कोणीतरी दुष्टाने लावलेला ठरतो. राब, वारा, मालकीच्या बांधापाशी नसलेली जाळरेषा, यातलं काहीच त्यात येत नाही. आणि बाबांनी सगळ्यात आधी येऊन सगळ्यात शेवटपर्यंत आग विझवली, तेही येत नाही. खरं लिहिलं तर दोन्ही येतं.

बाबा पायऱ्यांवर बसून ऐकत होते. ‘लिव्हा की,’ म्हणाले, ‘धूर समद्या गावानं पाह्यलाय, मी काय लपवू? पर त्यात ह्येबी लिव्हा, का पुढल्या साली माझ्या बांधाला जाळपट्टा आधी मारून द्या. मग मी राब भाजतो.’

लिहिलं. नकाशावर तो बांध लाल शाईने दाखवला. म्होरकीने सही केली, तारखेसकट, एकदम सुवाच्य अक्षरात. पुढे आरएफओ साहेबांनी, म्हणजे आमच्या वनक्षेत्रपालांनी, जबाब घेतले आणि प्रकरण कलम ६८ खाली, तडजोडीत, दंड भरून मिटलं. दंडाची रक्कम गावाने वर्गणी काढून भरली असं मला नंतर कळलं. मी विचारलं नाही. बांधाच्या जाळरेषेचा प्रस्ताव मात्र त्या पंचनाम्याच्याच आधारावर गेला.

मुलांनी तिसऱ्या दिवशीचं चालणं रद्द केलं. कोयते, पंजे मिळतील तेवढे गोळा करून त्यांनी त्या हद्दीवरचा पाला ओढला, कारवीच्या पडलेल्या काटक्या बाजूला केल्या. पट्टा काही सरळ आला नाही. मामांनी तो दोनदा दुरुस्त केला आणि दोन्ही वेळा इंजिनियरिंगच्या मुलांचा उद्धार केला. फ्लेक्स मात्र कामाला आला, त्यावर पाला भरून ओढत नेला.

संध्याकाळी पथनाट्य पुन्हा बसवायला घेतलं. आता त्यात राब होता, चढणारा वारा होता, हिरड्यावाली आजी होती. बाबांनीच बाबांचं काम करावं असं मुलांचं म्हणणं. बाबांनी ते साफ नाकारलं : ‘म्हाताऱ्याचं काम कुनीबी पोरगं करंल. मी गार्ड व्हतो.’

मामांची खाकी टोपी घालून ते खरंच उभे राहिले. देवळापुढे अख्खी वाडी जमली होती, आजी पुढेच. बाबांनी आधी वाऱ्याचा पीओआर फाडला, मग धोतरवाल्या पोराचा, आणि मग प्रेक्षकांत बसलेल्या माझ्याकडे बोट करून तिसरा फाडला, बांधाला जाळरेषा नव्हती म्हणून. पंच म्हणून सही आजीची.