तुम्ही विचारलेत म्हणून : जुन्या कॅमेऱ्यात उजेड कुठून शिरतो?

‘फोटोवर नारिंगी पट्टे येतात, तर कॅमेऱ्याचा फोम, म्हणजे झाकणाच्या फटीतून उजेड येऊ नये म्हणून बसवलेली मऊ पट्टी, बदलू का?’ असे जुना फिल्म कॅमेरा हाती आलेली माणसे मला वारंवार विचारतात. फोमला हात लावण्याआधी निगेटिव्ह उजेडासमोर धरून नीट पाहावी, एवढेच माझे पहिले उत्तर असते. प्रिंट किंवा स्कॅन त्यासाठी पुरत नाही, कारण त्यांत फ्रेमच्या कडा बहुधा छाटलेल्या असतात आणि नेमका पुरावा कडांवरच असतो.

निगेटिव्हवरचा गडद डाग (फोटोत तो उजळ दिसतो) फ्रेमची चौकट ओलांडून फिल्मच्या कडेच्या दातेरी छिद्रांपर्यंत पसरला असेल, तर उजेड बहुधा मागच्या झाकणाच्या फटीतून आलेला असतो. डाग चौकटीच्या आतच थांबत असेल, तर संशय लेन्सच्या बाजूवर घ्यावा : शटरच्या कापडी पडद्याला भोक पडलेले असते किंवा घडीच्या कॅमेऱ्यात भात्याचा (लेन्स आणि कॅमेरा यांना जोडणाऱ्या घड्यांच्या नळीचा) एखादा कोपरा झिजून फाटलेला असतो. रंगही साक्ष देतो. रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये लाल रंग टिपणारा थर सर्वांत खाली असतो, त्यामुळे मागून शिरलेला उजेड प्रथम त्यालाच गाठतो आणि फोटोत डाग तांबूस-नारिंगी दिसतो. शिवाय फिल्मवर प्रतिमा उलटी पडते, हे विसरून चालत नाही. फोटोच्या डाव्या कडेला डाग येत असेल, तर कॅमेरा मागून पाहताना उजवीकडे, म्हणजे बहुतेक एसएलआर (आतल्या आरशामुळे लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यांत झाकणाच्या बिजागरीपाशी, फट शोधावी लागते.

काहींना असे डाग आवडतात. मला ते मान्य नाही, कारण कोणत्या फोटोवर डाग यावा हे छायाचित्रकाराला ठरवता येत नाही.

१९७० आणि १९८०च्या दशकांतील पुष्कळ एसएलआर कॅमेऱ्यांत झाकणाच्या खाचांमध्ये पॉलियुरेथेनचा फोम बसवलेला असे. हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू विघटित होतो आणि डांबरासारखा चिकट बनतो. कॅमेरा न वापरता कपाटात ठेवला, तरी हे टळत नाही. तो काढताना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडी वापरावी, कारण धातूच्या टोकाने खाचेतला काळा रंग खरवडला जातो. याहून मोठा धोका सुटलेल्या कणांचा असतो. ते शटरच्या पडद्यावर पडू नयेत म्हणून फिल्मच्या चौकटीवर कागद लावावा आणि कॅमेरा उघड्या बाजूने खाली कलता धरावा. आरशाच्या वरच्या फोमला तर फार सांभाळून हात लावावा, कारण त्याच्या लगतची फोकसिंग स्क्रीन (जिच्यावर दृश्य उमटते ती धुरकट काच) अनेकदा प्लास्टिकची असते आणि तिच्यावर उमटलेला ओरखडा किंवा द्रावणाचा डाग जात नाही.

नवा फोम अरुंद खाचेत साधारण १ मिलिमीटर जाडीचा, तर बिजागरीपाशी २ मिलिमीटरच्या आसपास लागतो. मात्र मॉडेलप्रमाणे यात फरक पडतो. झाकण जोर लावून दाबावे लागत असेल, तर फोम जाड झाला आहे असे समजावे. फार अरुंद खाचेत काळी लोकर उत्तम बसते. मागे गोंद असलेली पट्टी किंचित ओली केली, तर ती लगेच चिकटत नाही आणि सरकवून जागेवर आणता येते.

भात्यातली छिद्रे अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावली की दिसतात. ती लवचीक काळ्या रंगाच्या पातळ थराने बुजवता येतात. शटरच्या पडद्यावर मात्र हा थर अगदी विरळ हवा, कारण पडदा ताठर किंवा जड झाला, तर त्याचा वेग बदलतो.

दुरुस्तीनंतर कृष्णधवल फिल्म भरावी, लेन्सला टोपण लावावे आणि एसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरही (डोळा लावायची खिडकी) झाकावा. मग कॅमेऱ्याची एकेक बाजू काही मिनिटे उन्हाकडे धरून दर वेळी फिल्म एक फ्रेम पुढे न्यावी आणि कोणत्या फ्रेमला कोणती बाजू उन्हात होती ते लिहून ठेवावे. त्या फ्रेम धुतल्यावर कोऱ्या निघाल्या, तर काम झाले. एखादी काळवंडली, तर कोणती बाजू पुन्हा उघडायची हे त्या टिपणावरून कळते.