नाकाजवळची गाठ आणि बाबांकडची बाजू

नाकपुडीच्या बाजूला मसुराएवढी पिवळसर गाठ आली होती. दुखायची नाही, पण दाढी करताना ब्लेड लागलं की रक्त यायचं. स्किनच्या डॉक्टरबाईंनी काढून बायोप्सीला पाठवली. रिपोर्ट आला सिबेशियस कार्सिनोमा, म्हणजे त्वचेतल्या तैलग्रंथींचा कॅन्सर. भोवतालची थोडी कातडी आणखी काढली, कडा स्वच्छ आल्या. मला वाटलं, सुटलो.

बाई मात्र फाइल मिटेनात. ‘वडील कशाने गेले?’ आमच्याकडे याचं उत्तर कायम ‘पोटाच्या दुखण्याने’. आईला फोन लावला. आधी ‘जुनं कशाला उकरतोस’, मग हळूहळू बोलली. बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, वय 44. आत्याला गर्भाशयाचा, तोही पन्नाशीच्या आत. नातेवाइकांत मात्र ‘पिशवी काढली’ एवढंच. बाईंनी कागदावर पुरुषांचे चौकोन, बायकांचे गोल काढले आणि कॅन्सर झालेले पेनने भरत गेल्या. आईची बाजू कोरी राहिली.

पापणीवर असता तर आनुवंशिकतेचा संशय कमी असता, असं त्या म्हणाल्या. पापणीबाहेरचा हा कॅन्सर आणि घरात असा इतिहास, म्हणजे म्यूर-टोरे सिंड्रोम तपासायलाच हवा. 1967 मध्ये म्यूर आणि 1968 मध्ये टोरे यांनी तो नोंदवला. आतड्याच्या, गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका घराण्यातून पुढे नेणाऱ्या लिंच सिंड्रोमचाच हा एक प्रकार: डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं.

पुढची तपासणी त्याच गाठीवर, आयएचसीची, म्हणजे गाठीतली ठरावीक प्रथिनं रंगवून पाहायची. त्यासाठी गाठीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक लॅबमधून परत हवा होता. अर्ज, आधारची झेरॉक्स, ‘साहेब जेवायला गेलेत’... कॅन्सरपेक्षा त्या खिडकीने जास्त दमवलं. आयएचसीत एमएसएच2 आणि एमएसएच6 ही दुरुस्तीची प्रथिनं दिसलीच नाहीत. तरी तेवढ्यावर शिक्का बसत नाही; रक्तातून जनुकीय तपासणी लागते. समुपदेशक बाईंनी आधीच विचारलं, ‘दोष निघाला तर घरी कोणाकोणाला सांगाल?’ निघाला, एमएसएच2 च्या जनुकातच.

मग कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. आदल्या रात्री ते खारट पाणी पिताना उलटी यायची बाकी होती. दोन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेले कोंब, निघाले, तिथेच काढले; कॅन्सर नव्हता. आता वर्ष-दोन वर्षांनी हे चालूच राहणार, आणि मला ते पटलंय. बाबांना अशी संधीच नव्हती.

दादाला सांगणं सगळ्यात जड गेलं. भावंडांना आणि मुलांना हा दोष असण्याची शक्यता निम्मी. ‘पोरीचं लग्न ठरायचंय, गावभर करू नकोस,’ म्हणत त्याने विषय बंद केला. महिन्याभराने पुतणीचाच मेसेज आला: ‘काका, तुमच्या रिपोर्टची पीडीएफ पाठवा.’ घरातला दोष नेमका कुठे आहे हे कळलं, की बाकीच्यांना सगळं पॅनल, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र तपासणी, करावं लागत नाही. तेवढी एकच जागा तपासतात, खर्चही कमी. पीडीएफ लगेच पाठवली. दादाला हे अजून ठाऊक नाही.