आठवडा १४ : सेकंड शिफ्ट आणि कावाउचीचं वेळापत्रक

जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या तयारीचा हा चौदावा आठवडा, ६२ कि.मी. झाले. जोर दोनच दिवस लावला: बुधवारी एकेक किलोमीटरचे सहा इंटरव्हल (जोरात पळायचं, मध्ये थोडा संथ जॉग), रविवारी २८ कि.मी.चा लाँग रन. आणखी तीन दिवस ६:५० च्या पेसने (किलोमीटरला ६ मिनिटं ५० सेकंद) संथ जॉग. नडगी अजिबात दुखली नाही, आणि माझ्यासाठी ही या आठवड्याची सगळ्यात मोठी बातमी आहे.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी: माझी कायम सेकंड शिफ्ट. रात्री बाराला घरी, झोप लागेपर्यंत एक. पूर्वी मी रोज ५:४५ ने पळायचो आणि दर महिन्याला नडगी धरून बसायचो. मग जपानी मॅरेथॉनपटू युकी कावाउचीबद्दल वाचायला लागलो. हा माणूस सायतामा प्रांताचा सरकारी नोकर, शाळेच्या कार्यालयात काम करायचा. ड्युटी दुपारी पाऊण ते रात्री सव्वानऊ. म्हणजे आपलीच शिफ्ट की! जपानमधले बहुतेक अव्वल धावपटू कंपन्यांच्या संघांतून पळतात आणि दिवसातून दोनदा सराव करतात. हा सकाळी एकदाच पळायचा, आठवड्यात दोन दिवस कठीण, बाकी हळू.

हे त्याने हौसेने ठरवलेलं नव्हतं. शाळेत असताना अति सरावाने दुखापतींनी त्याला पार बेजार केलं होतं. गाकुशुइन विद्यापीठात सराव कमी झाला, शरीर सावरलं आणि वेळ सुधारत गेली. हाकोने एकिदेन या प्रतिष्ठेच्या रिलेत तो निवडक विद्यार्थ्यांच्या संघातून दोनदा पळाला, दोन्ही वेळा डोंगरउताराच्या सहाव्या टप्प्यावर.

त्याचा लाँग रन म्हणजे बहुतेकदा एखादी शर्यतच असायची, हे मला फार आवडतं. डिसेंबर २०१३ मध्ये फुकुओकाला मॅरेथॉन २:०९:०५ आणि बरोबर चौदा दिवसांनी होफूला २:०९:१५! आपण फुल मॅरेथॉननंतर आठवडाभर जिना उतरताना कठडा धरतो. २:२० च्या आत सर्वाधिक मॅरेथॉन पळण्याचा विक्रम आधी अमेरिकेच्या डग कर्टिसच्या नावावर होता, ७५ मॅरेथॉन. कावाउचीने २०१८ च्या १ जानेवारीला मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफील्डला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, २:१८:५९ पळून तो मोडला. डिसेंबर २०२० मध्ये होफूलाच अशा शंभर पूर्ण केल्या.

आणि २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन. त्याचं रेकॉर्डिंग मी रविवारच्या लाँग रनच्या आदल्या रात्री हमखास लावतो. धो धो पाऊस, बोचरी थंडी, समोरून वारा. पहिल्या मैलालाच हा एकटा पुढे सुटतो, मग मागे पडतो, पुन्हा पुढे येतो. शेवटी जगज्जेता जेफ्री किरुई बराच पुढे असतो, पण त्याची पावलं जड झालेली दिसतात. कावाउची चेहरा वेडावाकडा करत, मान हलवत येतो आणि शेवटच्या टप्प्यात त्याला गाठून निघून जातो. २:१५:५८. तोशिहिको सेको १९८७ मध्ये जिंकला होता, त्यानंतर बोस्टन जिंकणारा हा पहिला जपानी पुरुष. असं हवामान आपल्याला सगळ्यात मानवतं, असं तो नंतर म्हणाला.

२०१९ मध्ये त्याने नोकरी सोडली. त्याची सर्वोत्तम वेळ, २:०७:२७, फेब्रुवारी २०२१ मध्ये लेक बिवा मॅरेथॉनला आली, त्याआधीच्या सोलमधल्या स्वतःच्या सर्वोत्तम वेळेनंतर तब्बल आठ वर्षांनी. मी एक्केचाळीसचा आहे. त्याचा तो आकडा डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

माझे आकडे: दहा कि.मी. ५४:१० वरून ५१:४०. हाफ मॅरेथॉनची चाचणी १:५४. जानेवारीत फुल चार तासांच्या आत, हे लक्ष्य कायम.

एक अडचण आहे. बुधवारचा पाचवा इंटरव्हल गेले तीन आठवडे सात-आठ सेकंदांनी ढासळतोय. मधला जॉग २०० वरून ४०० मीटर करून बघणार आहे. सेकंड शिफ्टवाले कोणी असाल तर सांगा, कठीण दिवसाच्या आदल्या रात्री घरी आल्यावर काय खाता? मी सध्या दहीभातावर आहे.